दस्तीची जागा

परवा माझी मुलगी मैत्रिणींबरोबर फिरायला निघाली. पलंगावर तिनं सगळं सामान मांडून ठेवलं होतं. बांबूचा चमचा, बांबूचाच दात घासायचा ब्रश, घडी होणारा पेला, पाणी गार ठेवणारी स्टीलची बाटली. मोबाइलवर बोट फिरवून तिनं बसमधली खिडकीजवळची जागा धरली, राहायची सोय केली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "कमी खर्चात, आणि प्लॅस्टिकचा तुकडा न वापरता. बघ." मला कौतुकच वाटलं, खोटं कशाला बोलू. पण हसूही आलं. असं सामान मी पूर्वी वडवणीत पाहिलेलं होतं, माझ्या सासूबाईंच्या हातात. फरक एवढाच, की त्यांना त्याचं कौतुक करून घ्यायचं कधी सुचलं नाही.

मी लग्न होऊन वडवणीला आले तेव्हा गावात नवलाई शिरायला लागली होती. स्टँडसमोर पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ आला होता, आठवडी बाजारात पातळ रंगीत कॅरीबॅगा उडत होत्या आणि बाटलीतलं पाणी विकत घेणारा माणूस मोठा समजला जाई. आमचं किराणा दुकान होतं. सासरे आणि नवरा दुकानात, सासूबाई घरात, आणि वर्षातून पाच-सहा वेळा प्रवासात. घर लिंगायताचं, सोयरे चार जिल्ह्यांत पसरलेले, त्यामुळे कुणाचं ना कुणाचं काही ना काही असायचंच. तिकिटाशिवाय प्रवासात पैसा काढणं त्यांना ठाऊक नव्हतं. बाहेरचं खायचं नाही, बाहेरचं पाणी प्यायचं नाही, गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही. हा नेम धर्माचा होता की काटकसरीचा, हे मला अजून कळलेलं नाही.

पाण्यासाठी त्यांची छागळ असे, जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी. बाहेरून सतत ओली, म्हणून आतलं पाणी भर उन्हाळ्यात गार. खायला ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. वाढून घ्यायला पळसाच्या पत्रावळी, खाऊन झालं की गाईपुढे टाकायच्या. दात घासायला कडुलिंबाची काडी, केस धुवायला रिठे, अंथरायला-पांघरायला एकच वाकळ. आणि हे सगळं दोन कापडी पिशव्यांत. माझ्याकडे लग्नातली नवी रेक्झिनची बॅग होती. स्टँडावर त्यांच्या शेजारी उभं राहिलं की ती गळणारी छागळ माझ्या साडीला लागायची, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

राहायची सोय जोडकार्डानं व्हायची. एका पोस्टकार्डाला दुसरं कोरं कार्ड जोडलेलं असे. पहिल्यावर सासरे लिहायचे, "अमुक दिवशी येतो, मठात दोन माणसांची पथारी असावी." दुसऱ्यावर मठातून उत्तर यायचं. गाडीतली जागा मात्र कार्डानं मिळत नसे. आमच्याकडे येणाऱ्या गाड्या परळीहून भरून यायच्या, त्यांना आरक्षणाची खिडकी काय करणार? तिथे दस्ती लागायची. आमच्याकडे रुमालाला दस्ती म्हणतात. सासूबाईंची दस्ती लाल चौकड्यांची होती, चांगली टॉवेलाएवढी. गाडी स्टँडात शिरली की त्या तिच्याबरोबर पळायच्या आणि खिडकीतून नेमकी रिकाम्या बाकावर दस्ती टाकायच्या. मग दाराशी कितीही रेटारेटी होवो, त्या सावकाश चढायच्या. दस्ती पडली की जागा त्या माणसाची. ती उचलून बसणारा बीड जिल्ह्यात मी तरी पाहिला नाही. भांडणं व्हायची, ती दस्ती कुणाची आधी पडली यावरून.

लग्नानंतर वर्षाभरात मला पुण्याच्या एका दवाखान्यातून नर्सिंगच्या वर्गासाठी मुलाखतीचं बोलावणं आलं. लग्नाआधी अर्ज केला होता, मीही विसरले होते. दोन दिवसांनी सासरे जेवता जेवता म्हणाले, "एकदा जाऊन या. झालं तर झालं. न्हाई झालं तर ह्या घरात पुन्ना तो विषय न्हाई." नवऱ्यानं आणखी एक भाकर वाढून घेतली. सासूबाई म्हणाल्या, "मी जाते संगं." बस, एवढ्यावर माझं पुढचं आयुष्य अडकलेलं होतं. आम्ही निघालो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाखत होती आणि मूळ प्रमाणपत्रं सोबत हवी होती.

सकाळीच आम्ही वडवणीहून बीडला आलो. पुण्याची गाडी स्टँडात शिरली तशा सासूबाई पळाल्या. पण त्या दिवशी दस्ती दुसऱ्या पिशवीत, भाकरींना गुंडाळलेली होती. ती सोडायला वेळ कुठला? हातात हिरव्या काठाची पिशवी होती, तीच त्यांनी खिडकीतून आत टाकली. पिशवी बाकावर बरोबर बसली. पिशवीत वाकळ होती, आणि वाकळीच्या घडीत माझी सगळी प्रमाणपत्रं.

आम्ही दाराकडे वळलो. दाराशी माणसांचा लोंढा होता. माझा एक पाय पायरीवर होता, तो कुणीतरी खाली ढकलला. घंटी वाजली, दार लागलं आणि गाडी निघाली. आम्ही खाली राहिलो आणि आमची जागा पुण्याला निघाली.

मला राग आला. असा राग मला आजवर फार थोड्या वेळा आलाय. "तरी मी म्हणत होते, माझ्या बॅगेत ठेवू द्या कागद," मी भर स्टँडात ओरडले. "नेहमीचं तुमचं, दस्ती टाका, पिशवी टाका! आता मी पुण्याला जाऊन काय दाखवू, भाकरी?" आणि रडायला लागले. सासूबाईंनी गळ्यातलं लिंग मुठीत धरलं, डोळे मिटले, उघडले.

"कावून रडायलीस? जागा धरलीय नव्हं आपुन," त्या म्हणाल्या. "धरलेल्या जागंला कोन हात लावतंय?"

मला वाटलं, ह्या बाईला वेड लागलंय. पण त्या माझ्या हाताला धरून समोरच्या एसटीडी बूथकडे निघाल्या. बूथवाल्यापुढे त्यांनी भाकरीची पिशवी फिरवून धरली. ती पाटोद्याच्या एका किराणा व्यापाऱ्यानं दिवाळीला वाटलेली पिशवी होती. तिच्यावर त्याच्या दुकानाचं नाव आणि फोन नंबर छापलेला होता. दुकान पाटोद्याच्या स्टँडासमोरच, सासऱ्यांच्या ओळखीचं. पुण्याची गाडी पाटोद्यावरूनच जायची.

फोन लागला. सासूबाईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "शरणार्थ. वडवणीच्या किराणावाल्याच्या घरून बोलायलेय, बीडच्या स्टँडावरून. पुण्याची गाडी यायलीय तुमच्याकडं. डाव्या अंगाला, खिडकीपाशी, हिरव्या काठाची पिशवी हाय. तेवढी उतरून घ्या. लई नड हाय. पोरीचे कागदं हायेत त्यात."

मग काळीपिवळी जीप. मी आधी कधी जीपच्या टपाखाली इतक्या माणसांत बसले नव्हते. सासूबाई छागळ मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि माझी साडी भिजत होती, आणि मला आता त्याचं काहीच वाटत नव्हतं.

पाटोद्याला उतरलो तर पिशवी दुकानाच्या गादीवर होती. दुकानदार हसत होता. "आक्का, तुमची पिशवी आनायला मला भांडावं लागलं," तो म्हणाला. गाडी खच्चून भरलेली होती, माणसं एकमेकांच्या पायांवर उभी. आणि त्या बाकावर एक म्हातारा अर्ध्या बुडावर, कडेला टेकून बसलेला, कारण बाकीची जागा पिशवीची होती. दुकानदारानं हात घातला तर म्हाताऱ्यानं पिशवीवर हात ठेवला. म्हणाला, "बाईमानसाची जागा हाय. मी बीडपासून कोनाला देली न्हाई. तुमी कोन?" आत पोरीची प्रमाणपत्रं आहेत, ती मागून येतेय, असं सगळं सांगितल्यावर त्यानं हात काढला.

सासूबाई पायरीवर बसल्या. त्यांनी वाकळ उलगडली आणि एकेक कागद माझ्या हातात दिला. त्यांना वाचता येत नव्हतं. "बघ, समदे हायेत का." समदे होते. तेव्हा त्यांनी छागळ तोंडाला लावली. सकाळपासून घोटभर पाणी त्यांनी घेतलेलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. त्या इतक्या घाईनं प्यायल्या, की पाणी हनुवटीवरून गळ्यातल्या लिंगावर ओघळलं. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी पदरानं त्यांची हनुवटी पुसली.

पुढच्या गाडीत आम्हाला जागा मिळाली नाही. जामखेडपर्यंत उभ्यानं गेलो. कागद मी कमरेला बांधले होते. पुण्याच्या मठात पथारी तयार होती. सकाळी मुलाखत झाली, आणि त्या महिन्यातच निवड झाल्याचं कळलं. सासऱ्यांनी पेढे वाटले नाहीत, पण शब्दही फिरवला नाही.

वर्ग सुरू व्हायच्या वेळी मला सोडायला सासूबाईच आल्या. वसतिगृहाच्या लांबट खोलीत लोखंडी खाटा होत्या, कुठली कुणाची ते ठरलेलं नव्हतं. पुण्याच्या चार मुली आपल्या बॅगा घेऊन दारात एकमेकींकडे बघत उभ्या होत्या. सासूबाई त्यांच्या मधून आत शिरल्या, कनवटीची दस्ती काढली आणि खिडकीजवळच्या खाटेवर टाकली. "ही आमची," त्या म्हणाल्या. एक मुलगी फिसकन हसली. मला लाज वाटली नाही. ती खाट तीन वर्षं माझी राहिली.

निघताना मी दस्ती घडी करून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती परत खाटेवर ठेवली.

"मग परतीच्या गाडीत जागा कशानं धराल, आत्याबाई?" मी विचारलं.

"मला काय करायचीय जागा," त्या म्हणाल्या. "मी उभी जाईन."