अनीसच्या पॅडवरचे लाल टाके

भाभींचा, म्हणजे अनीसच्या बायकोचा, फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. अमरावतीच्या एका खासगी संस्थेत मी संगणक शिकवतो, आणि तासाला फोन उचलायचा नाही हा माझाच नियम. दोनदा मी फोन कापला. तिसऱ्यांदा बाहेर व्हरांड्यात येऊन उचलला. भाभी रडत नव्हत्या. "सुधाकरभाऊ, अनीस गेले. असरच्या नमाजानंतर, पाचच्या सुमाराला नेणार आहेत, तुम्ही या," एवढंच म्हणाल्या. बडनेऱ्याला मिळेल त्या गाडीत बसलो. मूर्तिजापूर गेलं, अकोला आलं, यातलं काही मला आठवत नाही. जनाज्याला खांदा देता आला, इतकंच समाधान. अनीसचं वजन निम्म्यावर आलं होतं. खांद्यावर काही आहे असं वाटतच नव्हतं...

अनीस अकोल्याचा शिंपी. पण आमची ओळख अमरावतीची, तंत्रनिकेतनातली. दुसऱ्या वर्षाला असताना त्याच्या वडिलांची नजर गेली आणि तो शिक्षण सोडून दुकानाच्या मशीनवर जाऊन बसला. त्याआधीची दीड वर्षं आम्ही अभ्यासापेक्षा जास्त वेळ हॉस्टेलजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात काढली. तासाच्या हिशोबाने तिथं बंदुकीचे गेम खेळायला मिळत. पुढे लग्नं झाली, संसार झाले, आणि घरोघरी इंटरनेट आल्यावर आमचा खेळ पुन्हा सुरू झाला. दर रविवारी दुपारी तीन वाजता, मी अमरावतीत आणि तो अकोल्यात. कानाला हेडफोन लावून पन्नाशीचे दोघं एकमेकांवर गोळ्या झाडत बसायचो. माझी बायको वंदना म्हणायची, "बाकीच्यांचे मित्र तब्येत विचारतात. तुमचा विचारतो, मेला का?"

जिंकायचा मात्र तोच. वर्षानुवर्षं तोच. कॉम्प्युटर शिकवणारा मी आणि मला हरवणारा पँटी शिवणारा तो, यावरून तो मला फार छळायचा. "सुध्या, तू माऊस गिऱ्हाइकासारखा धरतं. कारागिरासारखा धरून पाह्य एकडाव."

त्याच्या जिंकण्यामागे एक पद्धत होती. ज्यांनी असे गेम खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेबलावर माऊस थोडा सरकवला की पडद्यावरची बंदूक किती वळावी, हे आपण ठरवायचं असतं. त्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात. ती जास्त ठेवली तर मनगट जरा हललं तरी बंदूक गर्रकन फिरते, पण नेम थरथरतो. कमी ठेवली तर कोपरापासून अख्खा हात न्यावा लागतो, पण नेम पक्का बसतो. बरेच जण कुणाचा तरी आकडा उचलतात आणि चार दिवसांनी दुसऱ्याचा. अनीसला हे पटायचं नाही. त्याचं म्हणणं, माप अंगाचं घ्यायचं असतं, दुसऱ्याच्या सदऱ्याचं नाही. सुटिंगच्या जाड कापडाचा दोन फुटी पॅड त्याने स्वतः शिवला होता. गेममध्ये भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, माऊस पॅडच्या डाव्या कडेला ठेवायचा, आणि पूर्ण गिरकी घेऊन पुन्हा त्याच भिंतीसमोर येईपर्यंत उजवीकडे न्यायचा. जिथं माऊस थांबेल तिथं गळ्यातली टेप लावायची. त्याचं माप अठरा इंच. त्या जागी त्याने लाल दोऱ्याचा एक बारीक टाका घातला होता. मला म्हणाला होता, "खडूची खूण पुसते ना बे. टाका राह्यते."

मी त्याला माझ्या परीने दोन गोष्टी शिकवल्या होत्या. हात जोरात नेला तर पडद्यावरचा बाण जास्त पळतो, अशी एक सोय कॉम्प्युटरमध्ये आधीपासून चालू असते. ती बंद करायची, नाहीतर हाताला अंदाज येत नाही. दुसरी गोष्ट मी वर्गातही सांगतो. एकदा माप ठरलं की महिनोन् महिने हात लावायचा नाही, हात आपोआप शिकतो. सेटिंग सारखं बदलावंसं वाटत असेल तर दोष सेटिंगमध्ये नसतो. हे मीच त्याला सांगितलं होतं. हे वाक्य मला आता झोपू देत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी तो म्हणाला, "माऊस जड लागून राह्यला बे." मी म्हणालो, धूळ बसली असेल, पुसून घे. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मग मी म्हणालो, सेन्सिटिव्हिटी थोडी वाढव. त्याने वाढवली आणि रीतीप्रमाणे टेप लावून मला कळवलं, चौदा इंच. दोन-तीन महिन्यांनी अकरा. मी नवा माऊस सुचवला, वजनाने हलका. त्याने घेतला. आठ इंच. प्रत्येक आकडा त्याने मला पाठवला आणि प्रत्येक वेळी मी लिहिलं, "बरोबर आहे, राहू दे."

आता जे लिहायचं आहे त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे. त्या काळात मी जिंकू लागलो होतो. आधी एखादा डाव, मग दोन, मग सगळेच. आणि मला ते आवडत होतं. रविवारी जेवताना मी घड्याळ पाहायचो. तो चुकला की मी म्हणायचो, "कारागिराची कात्री बोथट झाली वाटतं." तो हसायचा. त्याचा नेम का थरथरतो आहे, हा प्रश्न मला पडला नाही असं नाही. पडला, आणि मी तो बाजूला सारला.

मला दुसरीकडूनही कळलं होतं. दरवर्षी दिवाळीला तो माझ्यासाठी सदरा शिवून पाठवायचा. त्या वर्षीच्या सदऱ्याची काजं वाकडी होती. वंदनाने बोट ठेवून दाखवलं. म्हणाली, "अनीसभाऊंच्या हातचं नाही हे." मी म्हणालो, कामाची गर्दी असेल, आणि तोच सदरा घालून फोटो काढून त्याला पाठवला. मित्राचा टाका वाकडा आला हे कसं सांगायचं, असं मला वाटलं. मला वाटलं, मी त्याचा मान राखतो आहे.

जानेवारीत एका लग्नासाठी अकोल्याला गेलो आणि दुपारी त्याच्या दुकानात डोकावलो. कापड भाभी कापत होत्या. तो म्हणाला, चष्म्याचा नंबर वाढला आहे, म्हणून सध्या भाभी कापतात. चहा आला. कप त्याने दोन्ही हातांनी धरला. भाभी आत गेल्या तसा तो माझ्याजवळ सरकला.

"सुध्या, एक खरं सांग. माहा हात बिघडला का सेटिंग बिघडलं?"

मी त्याच्या हाताकडे पाहिलं. अंगठ्याच्या मुळाशी जिथं मांस असतं तिथं खळगा पडला होता. मी पाहिला. आणि म्हणालो, "सेटिंग आहे. तू उगाच घाबरतोस. वाढव थोडी अजून."

"तुले कॉम्प्युटरातलं समजते. तू म्हणतं तर असंन."

का म्हणालो असं? भीती होती. हात म्हटलं तर डॉक्टर आले, तपासण्या आल्या, आणि रविवार संपला. आणि रविवारी मी जिंकत होतो. दोन्ही कारणं खरी आहेत. कुठलं मोठं होतं ते मला खरंच माहीत नाही.

पाच इंचांवर आल्यावर एप्रिलमध्ये तो दुकानाच्या पायरीवर पडला. पायही साथ देईनात. नागपूरला नेलं, भाभींसोबत मीही होतो. मानेच्या मणक्यात एक गाठ हळूहळू वाढून मज्जारज्जूवर दाब देत होती. डॉक्टरांनी विचारलं, "हातातली ताकद कधीपासून कमी झाली?" अनीस म्हणाला, "झाले असतीन पाच-सहा महिने." माझ्या खिशातल्या फोनमध्ये दीड वर्षाचे आकडे होते, इंचांत, तारखांसकट. मी बोललो नाही. फिल्म उजेडाला धरून डॉक्टर सावकाश म्हणाले, गाठ कर्करोगाची नाही, वर्षभर आधी आले असते तर कदाचित हात वाचले असते. भाभींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. सोबत आलेला शिकलेला माणूस मीच होतो, म्हणून पाहिलं.

ऑपरेशन झालं, पण हात-पाय परतले नाहीत. पुढचे महिने तो अकोल्यात घरी, खाटेवर. मी रविवारी तीनच्या सुमाराला जायचो आणि त्याच्या खाटेशेजारी लॅपटॉप उघडून एकटाच खेळायचो. तो मानेखाली उशी घेऊन पाहायचा. "डावीकडे बे, डावीकडे. काय करून राह्यला?" एकदा म्हणाला, "तुहं माप चुकलं. तुह्यावाली सेन्सिटिव्हिटी लय जास्त हाये, कमी कर." त्याही अवस्थेत तो माझं माप काढत होता... एवढ्या रविवारांत त्याला सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. छातीत कफ भरला आणि चार दिवसांत तो गेला. ते वाक्य राहिलं.

चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला गेलो तेव्हा भाभींनी कापडात गुंडाळलेला पॅड माझ्या हातात दिला. "तुमच्याशिवाय याचं कोणाला काय?" म्हणाल्या. मग सहज, ताटं उचलता उचलता म्हणाल्या, "मी किती मागे लागायची, हात दाखवा म्हणून. ऐकायचेच नाहीत. म्हणायचे, सुध्या सांगते सेटिंग हाये." मी पॅड घेतला आणि बस पकडली.

घरी येऊन तो उलगडला. अठरा इंचांवरचा टाका इतका बारीक की बोट फिरवल्याशिवाय सापडत नाही. चौदाचाही नीट आहे. अकराला दोरा सैल पडला आहे. आठचा टाका तिरपा, दोनदा उसवून पुन्हा घातलेला, भोवती सुईची रिकामी भोकं. पाच इंचांवर टाका नाहीच. तिथं पेनाची रेघ आहे, भाभींच्या हातची. माझ्याकडे फक्त आकडे येत होते. पण आकडे तरी सगळे होते.

हा लेख छापायला देण्याआधी मी भाभींना फोन केला आणि इथवर सगळा वाचून दाखवला, खळग्यासकट. मला दोन-तीनदा थांबावं लागलं. वाचून संपलं. मागे मशीन चालू होतं, कोणीतरी ते बंद केलं. मी म्हणालो, भाभी, काहीतरी बोला.

"तो पॅड धुऊ नका, भाऊ," त्या म्हणाल्या. "शेवटचे टाके कच्चे आहेत. उसवतील."