टिटवाळ्याला राहिलेला डबा

भाऊ तुरुंगात गेला आणि आमच्या कोलशेतच्या चाळीत सगळ्यांना एकदम संस्कार आठवले. "पोराला धाकच नव्हता," असं म्हणणाऱ्यांत तेही होते, ज्यांच्या गणपतीला भावाला नादी लावणाऱ्या गल्लीतल्या गुंड दादाकडूनच जाडजूड वर्गणी यायची. मला त्यांचा अजून राग येतो. धाक आमच्या घरात पोटभर होता, नव्हतं ते काम.

वडील ज्या कंपनीत होते ती बंद पडली, त्या धक्क्यातच ते गेले, आणि कंपनीच्या जागेवर टॉवर उभे राहिले. भाऊ त्याच टॉवरच्या गेटवर वॉचमन लागला. एजन्सी बदलली तशी तीही नोकरी गेली. आमच्याकडे अशा वेळी विचारपूस करायला फक्त दादा येतो. हा दादा बिल्डरांना जागा खाली करून द्यायचा आणि त्यासाठी रिकामी पोरं पाळायचा. खाली करायच्या जागा संपल्या, पोरं तशीच राहिली. मग त्याने पैशांसाठी माणसं उचलायला सुरुवात केली. एकाने पाळत ठेवायची, एकाने गाडी आणायची, एकाने खोली बघायची. कंपनीत कामं वाटून देतात तशीच. माझ्या भावाच्या वाट्याला राखण आली. ती त्याला येतच होती.

घरी त्याने सांगितलं की टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगवर वॉचमनचं काम मिळालंय. आईला कोण आनंद झाला! तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी असा डबा ती रोज भरून देऊ लागली.

"आई, थोडं जास्त घाल. जोडीला एक जण असतो."

तिने जास्त घातलं. तो जोडीदार म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून रिकाम्या फ्लॅटमध्ये बसवलेला एक रेती-खडीचा व्यापारी होता, हे आम्हाला फार नंतर कळलं.

त्याच्या घरच्यांनी पैसे पोचवले, माणूस सुटला, पोरं पळाली. त्या घाईत डबा फ्लॅटमध्येच राहिला. आईने भावाला फैलावर घेतलं. आमच्या घरात माणूस उशिरा आलेला चालतो, डबा घरी यायलाच हवा.

भांडं घेतलं की दुकानातच त्यावर नाव घालून घ्यायची आमची पद्धत. या डब्यावर वडिलांचं नाव होतं. ते नाव विचारत विचारत साध्या कपड्यांतले दोन पोलीस एका दुपारी आमच्या दारात आले.

"मावशी, हा डबा तुमचा का?"

"अगो बाय, मिळाला का!" आई हरखलीच. "माझ्या लेकाचाच हा. बसा हो, चहा घेऊन जा."

दोघांतला एक जण खाली बघत राहिला. भाऊ माळ्यावर झोपला होता. तो आपणच खाली उतरला आणि म्हणाला, "आई, चहा राहू दे." आईला अजूनही काही कळलेलं नव्हतं, ती कप विसळत होती. 

खटला कल्याणच्या कोर्टात उभा राहिला. व्यापाऱ्याने कुणाचाच चेहरा पाहिला नव्हता. आमचे वकील आईला म्हणाले, "मावशी, पोलिसांना काय सांगितलंत ते विसरा. कोर्टात डबा दाखवतील, तेव्हा एकच शब्द बोलायचा, नाही. त्या नावाचे डबे छप्पन्न घरांत असतील, एवढ्यावर मुलगा सुटू शकतो." जन्मात खोटं न बोललेली माझी आई महिनाभर तो एक शब्द घोकत होती.

साक्षीच्या दिवशी पाकिटाचं सील फोडून डबा तिच्या हातात दिला. पलीकडे भाऊ उभा होता. आईने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"हा डबा तुमचा आहे का?" सरकारी वकिलाने विचारलं.

"नाही," आई स्पष्ट म्हणाली. "माझा नाही हो."

आणि बोलता बोलता, झाकणावर बसलेली धूळ ती पदराने पुसत राहिली. आधी कडा, मग नाव. भावाने मान खाली घातली. सरकारी वकिलाने पुढचा प्रश्न विचारलाच नाही.