आक्कांची पुस्तकं

थोरल्या जाऊबाईंची नजर काचबिंदूनं गेली, तसं आम्ही त्यांना शेवगावला आमच्याकडे घेऊन आलो. मी त्यांना आक्का म्हणते. कपड्यांची एक पिशवी आणि पुस्तकांची दोन पोती, एवढंच त्यांचं सामान.

"आता ही कशाला?" मी नवऱ्याला हळूच विचारलं.

"राहू दे. वहिनीचा जीव आहे त्यांच्यात."

लग्नानंतर मी पेपराशिवाय काही वाचलं नव्हतं. वाळवी लागू नये म्हणून पोती सोडली आणि पुसता पुसता तिथंच बसले. आक्का नगरला गेल्या की रद्दीच्या दुकानातून हाताला लागेल ते आणायच्या. कादंबऱ्या, सापांवरचं पुस्तक, एका डॉक्टरीणबाईंचं आत्मचरित्र, विहिरींना पाणी कसं लागतं त्यावरचं एक. सापांचं चाळायला घेतलं आणि गॅसवरची डाळ करपली.

मग रोज दुपारी आक्का दिवाणावर बसायच्या आणि मी समोर वाचत. एकदा त्यांनी विचारलं, "काय वाचतीस गं?"

"पेपर."

"पेपरचं पान इतकं बारीक वाजत न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांचीच पुस्तकं, आणि मी त्यांच्या पुढ्यात चोरून वाचत होते. म्हटलं, "वाचून दाखवू?"

त्यांनी दोन बहिणींची कादंबरी मागितली. नजर गेली तेव्हा ती अर्धी राहिली होती.

रोज थोडं वाचायचं ठरलं. पण मला दम निघेना. सकाळी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याशी उभी राहून मी पुढची पानं संपवायची आणि दुपारी जिथं थांबलो होतो तिथून साळसूदपणे सुरू करायची. एका दुपारी त्यांनी मला मधेच थांबवलं.

"थोरली मरनार ना?"

"मला काय माहीत, आक्का?"

"तुझा आवाज जड झालाय. पुढचं वाचलंस तू."

"चुकलं माझं."

आक्का म्हणाल्या, "चुकलं कशाचं? मीबी असंच वाचायचे. पर तुला ठाव हाय म्हनून वाचताना घाई करू नको."

त्या संध्याकाळी आम्ही कादंबरी संपवली. शेवटचं पान त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

त्यांचे डोळे शाबूत असते, तर मला हा नाद लागलाच नसता. हे कुणाला सांगता येत नाही. एखादं पुस्तक फार आवडलं की तेच मनात येतं, आणि आवडल्याचीच लाज वाटते.

गेल्या आठवड्यात नगरला गेले होते. त्याच रद्दीच्या दुकानातून मधमाश्यांवरचं एक पुस्तक घेतलं. घरी आल्यावर आक्कांच्या हातात दिलं. त्यांनी कव्हरावरून हात फिरवला.

"आधी तू वाच," त्या म्हणाल्या.

"पहिली चार पानं एसटीत वाचली," मी सांगून टाकलं.

"मग बस. पहिल्यापास्नं वाच."