धगीपासून लांब

निवड परीक्षा देऊन मी हुशार पोरांच्या सरकारी निवासी शाळेत गेलो. सेनगावकडच्या आमच्या गावातून तिथं लागलेला मी पहिलाच. त्या दिवसापासून माझं डोकं माझं एकट्याचं राहिलं नाही, साऱ्या गावाचं झालं.

होळीच्या सुट्टीत घरी यायचो तेव्हा शेतात हळद शिजत असायची. कढईतून वाफा निघायच्या, सगळ्यांचे हात पिवळेधमक. मला मात्र बाभळीखाली बसवायचे. "त्याला धगीपाशी येऊ देऊ नका. डोकं तापलं तर हुशारी जाईल पोराची," चुलते म्हणायचे. त्यांची पोरं चिडवायची, "साहेब, सावली बराबर हाय ना?"

एका होळीला मी हट्टच धरला. मायनं नाइलाजानं जाऊ दिलं. दुपारभर कढईखाली जाळ सारला. तेवढा आनंद त्या शाळेत मला कधी झाला नाही.

शाळेत पुढं गणित इंग्रजीत आलं आणि मला कळेनासं झालं. सर म्हणायचे, "समजलं ना? तुम्ही निवडलेली पोरं, तुम्हाला काय दोनदा सांगायचं!" सगळे माना हलवायचे. मीही हलवायचो. हुशार पोरानं विचारायचं नसतं, असं मलाही वाटायचं. नववीत नापास झालो. वडील एसटीनं घरी घेऊन आले.

"काहून रे? तकलीफ काय होती?" त्यांनी विचारलं. लोक म्हणाले, लई शिकून डोकं तापलं. मायनं पदर डोळ्यांना लावला. "मीच जाऊ दिलं ना तुला धगीपाशी."

तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो. शाळा सुटली ती सुटलीच, पुढं गावही सुटलं.

आता परमुलखात एका बेकरीत भट्टीवर आहे. पहिल्या दिवशी उस्तादांना चाचरत म्हणालो, "मला यातलं काहीच येत नाही." ते म्हणाले, "तो सीख ले." बस, एवढंच. त्या माणसाचे उपकार फिटायचे नाहीत. तरी अजून पाव फुगेपर्यंत भट्टीत डोकावत राहतो, आणि वाटतं, हेच वाक्य वर्गात तोंडातून निघालं असतं तर?

परवा फोनवर मायला सांगून टाकलं, "मला गणितच समजत नव्हतं, माय. धगीचं काही न्हाई त्यात."

ती म्हणाली, "उगं मला बरं वाटावं म्हणून बोलून राहिला. तुला न समजायला काय झालं?" आणि फोन ठेवता ठेवता, "त्या भट्टीपाशी लई उभा राहू नको, लेकरा."