इथं मेंढा बोलतो

स्टीलच्या पेल्यावर अंगठीची एक टिचकी मारली की थांबायचं, दोन मारल्या की निघायचं. पाथरी ते देवगाव फाटा या रस्त्यावर तीस वर्षं एसटीची घंटा वाजवलेल्या या माणसाने निवृत्त झाल्यावर सगळा संसार या दोन खुणांवर आणून ठेवला होता. चहा ओतताना एक टिचकी, म्हणजे बास. पाहुणे फार वेळ बसले की दोन टिचक्या, म्हणजे निघा आता. पाहुण्यांना हे कळायचं नाही. त्यांच्या बायकोला, म्हणजे मामींना, कळायचं, आणि त्या तोंडाला पदर लावून हसायच्या.

गल्लीत सगळे त्यांना कंडक्टरमामा म्हणत. त्यांचं खरं नाव आमच्या वाचनालयाच्या कार्डावर आहे, पण ते सांगून तुम्हाला काय उपयोग? तुमच्याही गल्लीत असा एक जण असणारच, ज्याला प्रत्येक गोष्ट मुळाशी ताडून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. मामांचं पालुपद होतं, "पुस्तकात असं न्हाई." लग्नात भटजी मंगलाष्टक विसरले तरी हेच, भाजीत मीठ कमी पडलं तरी हेच. कुठल्या पुस्तकात, हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

मी त्या वाचनालयाची ग्रंथपाल आणि मामांची शेजारीण. पानाचा कोपरा दुमडणाऱ्याला मी सगळ्यांसमोर उभं करून कोपरा सरळ करून घेते. गावात माझ्याबद्दल काय बोलतात ते मला ठाऊक आहे.

करोनाच्या टाळेबंदीत वाचनालय बंद होतं, पण किल्ली माझ्याकडे होती. आमच्याकडे एका परदेशी मालिकेचे सात भाग मराठीत आलेले होते. उलटी वाहणारी नदी, धुक्यातलं राज्य, गादीवरून हाकललेली एक मुलगी आणि तिला वाट दाखवणारा बोलता मेंढा. मुलांसाठी घेतलेली पुस्तकं, मुलांनी ढुंकूनही पाहिली नव्हती. मामांनी पहिला भाग नेला आणि आठव्या दिवशी ते माझ्या दारात उभे.

"मॅडम, दुसरा द्या. मेंढा लय हुशार हाय."

पुस्तक ते स्वतःसाठी नेत नव्हते. मामींना अक्षरओळख नव्हती. त्यांचं माहेर चुडाव्याकडचं, धनगराचं. शाळेच्या वयात त्या मेंढरांमागे फिरल्या. दुपारी त्या वाकळ शिवायला बसायच्या आणि मामा शेजारी बसून मोठ्यानं वाचायचे, ओळीखालून बोट फिरवत, पहिलीतल्या पोरासारखे. मेंढ्याचं बोलणं आलं की मामींची सुई थांबायची.

"ह्यो आपल्याकडचाच हाय," त्या मला म्हणाल्या होत्या. "आमच्या दादावानी बोलतोय."

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. जन्मभर मेंढरं राखली. त्याचं एक बोलणं मामी नेहमी सांगायच्या, "मागं राहिलेलं आधी बघा, पुढचं कुठं पळून जातंय?" त्याच उन्हाळ्यात दादा दवाखान्यात गेला तो परत आला नाही. मामींना त्याचं तोंडसुद्धा पाहता आलं नाही. तो झोपेत शांतपणे गेला, असं मामांनी त्यांना सांगितलं. मामांना हे कुणी सांगितलं, ते मी कधी विचारलं नाही.

आणि पाचव्या भागात मेंढा मरतो. पूल तोडायला आलेल्या फौजेला अडवताना, मुलीच्या डोळ्यांदेखत. मी वाचलं होतं, पण मामांच्या हातात पुस्तक देताना गप्प बसले. शेवट आधी सांगू नये, हा ग्रंथपालाचा धर्म. धर्म कधीकधी फार सोयीचा असतो.

सहावा भाग परत आला तेव्हा मी तो उघडला आणि माझं डोकंच फिरलं. पानापानावर, समासात पेन्सिलीने लिहिलेलं, "इथं मेंढा बोलतो." पुढे दोन-दोन ओळी. वाचनालयाच्या पुस्तकात! मी खोडरबर घेऊन बसले. निम्म्यावर आले होते, तेवढ्यात मामा सातव्यासाठी हजर.

"हे काय आहे?" मी पुस्तक त्यांच्यापुढे धरलं.

मामांनी खाली बघितलं. "मॅडम, पाचव्यात मेंढा मरतोय."

"माहीत आहे मला."

"तिला न्हाई सांगितलं. पुलापलीकडं नेला मी त्याला. दादाला जाऊन तेरावा दिवस व्हायचा होता वो."

"अहो, पण मग सहाव्यातही तो लागणारच की!"

"तेच तर झालंय ना! हरेक पानावर मेंढा पुरवायलोय. बिनतिकिटाचा पाशिंजर हाय, पण उतरवता येईना."

"आणि हे तो बोलतो ते कुठून आणलंत?"

"दादाचंच हाय समदं. मला कुठं सुचतंय?"

मी खोडरबर टेबलाच्या खणात टाकलं. निम्मं पुस्तक तोवर स्वच्छ झालं होतं. सातवा भाग परत आला तेव्हा तो न उघडताच कपाटात ठेवला. नोकरीत एवढा मोठा कानाडोळा मी दुसऱ्यांदा केलेला नाही.

दोन वर्षांनी त्यांच्या पुण्याच्या मुलीने घरी मोठा टीव्ही बसवला, आणि त्यावर त्याच मालिकेचे सिनेमे, हिंदीत डब केलेले. दर रविवारी दुपारी एक भाग, असं ठरलं. रिमोट माझ्या हातात, कारण दोघांनाही तो चालवता येत नव्हता. म्हणजे ड्रायव्हर मी आणि कंडक्टर ते. मामा पेला घेऊन बसायचे. एक टिचकी, सिनेमा बंद. "पुस्तकात असं न्हाई. ह्या पोरीचं घर टेकडीवर होतं, ह्यांनी खाली घेतलंय." दोन टिचक्या, चालू. दोन तासांचा सिनेमा चार तास चालायचा. मी सुशीलाची, म्हणजे फोडणीच्या मुरमुऱ्यांची, बशी रिकामी करत बसायचे.

मामींची तक्रार वेगळीच होती. "ह्या मेंढ्याला कातरलंय कुणी? एका अंगाला लोकर ऱ्हायलीय. आमच्या दादानं हाकलून दिलं असतं त्याला." पडद्यावर राज्य जळत होतं आणि मामी लोकर बघत होत्या.

पाचव्या रविवारी सकाळीच मामा वाचनालयात आले. चेहरा उतरलेला दिसत होता.

"मॅडम, आज पूल हाय. काय करावं?"

"टीव्ही बिघडला म्हणा."

"एकदा चुकवंल, रोज कसं चुकवू? तिनं हट्ट धरलाय." मग हळूच म्हणाले, "मेंढ्याचं खोटं कळलं, तर दादाचंबी खोटंच होतं म्हणंल ती. झोपेत गेला म्हणून मीच सांगितलंय. मला तरी कुठं ठाऊक हाय तो कसा गेला?"



दुपारी सिनेमा सुरू झाला. मामांनी त्या दिवशी एकदाही हरकत घेतली नाही. पोरीचं घर कुठेही असो, राजा मिशीवाला असो की बिनमिशीचा. मग पूल आला. मेंढ्याने पुलावर पहिला पाय टाकायला उचलला आणि पेल्यावर टिचकी बसली. मी बटण दाबलं. मेंढा पाय उचलून उभा राहिला.

"पुढचं समदं चुकीचं दावलंय," मामा म्हणाले. "पुस्तकात तो पूल ओलांडतोय. मॅडमला इचार."

मामींनी माझ्याकडे पाहिलं. मामांनी पाहिलं नाही. ते पेल्यातल्या पाण्याकडे बघत होते.

"हो मामी," मी म्हणाले, "पुस्तकात ओलांडतो."

मामींनी एकदा मामांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मग बंद करा ते. चुकीचं कशाला बघायचं?" आणि चहा टाकायला उठल्या. पुढचे सिनेमे आम्ही पाहिलेच नाहीत.

मामा गेल्या हिवाळ्यात गेले. सकाळी फिरून आले, ओट्यावर टेकले आणि तिथेच. त्यांच्या जाण्याने गल्ली शांत झाली असं सगळे म्हणतात. मला ती शांतता आवडत नाही. कुणी काही चुकीचं बोललं की मी अजून हरकतीची वाट बघते.

महिनाभराने मामींनी निरोप धाडला, सहावा भाग घेऊन ये. मी मामांच्याच कार्डावर तो नोंदवला आणि दुपारी गेले. वाकळ अंथरलेली होती, शेजारी तो पेला आणि एक चमचा. मी वाचायला लागले. चार पानं झाली असतील, पेल्यावर चमचा वाजला. एकदाच.

"पुस्तकात असं न्हाई," मामी म्हणाल्या. "इथं मेंढा बोलतोय."

पुस्तकाचा हा पहिला निम्मा भाग मीच स्वच्छ केलेला. समासात पेन्सिलीचे नुसते दबलेले वळ होते.

"मामी, तुम्हाला..."

"छापलेलं मधी असतंय, मला एवढं कळतंय की. मेंढा बोलायचा तवा यांचं बोट कडंला जायचं. आन बोलायचा कोण? दादा. माझा दादा मला वळखू येत न्हाई व्हय?"

"मग त्या दिवशी सिनेमा का बंद करायला लावलात?"

"यांचं तोंड बघवंना झालं, पोरी. इतक्या दिवसांचं जपलेलं, त्यांच्यादेखत कसं मोडू?" त्यांनी डोळे पुसले. "दादाचंबी तसंच. झोपेत गेला म्हणले, मी हूं म्हणलं."

मी कबूल केलं की या पानांवरचं मीच पुसून टाकलंय. मामी रागावल्या नाहीत. त्यांनी सुई वाकळेत टोचून ठेवली.

"मला पाठ हाय. मी सांगते, तू लिही."

पर्समध्ये पेन्सिल होती. एवढ्या वर्षांत वाचनालयाच्या पुस्तकावर शिक्क्याशिवाय काही उमटवलं नव्हतं. मी समासात लिहिलं, "इथं मेंढा बोलतो. मागं राहिलेलं आधी बघा, पुढचं कुठं पळून जातंय?" मग त्या ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं.

मामींनी चमचा उचलला आणि पेल्यावर दोनदा वाजवला.