पाडव्याचा अर्ज

मुहूर्त पाहिल्याशिवाय शिंकणारसुद्धा नाही असा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि नेमका तोच माझा अशील आहे. पेठ वडगावात त्यांचं बैलांच्या साजाचं दुकान आहे. घुंगरमाळा, कासरे, वेसणी, झुली. माझ्या मेहुण्याच्या साडूचे ते कोणीतरी लागतात. नक्की कोण, हे आम्हा दोघांनाही आठवत नाही, म्हणून आम्ही एकमेकांना पावणं म्हणतो. एकदा दाढ काढायला गेले, तर राहुकाळ संपेपर्यंत खुर्चीत तोंड मिटून बसले आणि दंतवैद्य बिचारा चिमटा धरून घड्याळाकडे बघत उभा. दुकानातली तऱ्हा तर आणखी न्यारी. घुंगरमाळ मागणाऱ्याला ते आधी बैलाचं नाव विचारतात, मग स्वभाव, आणि मगच माळ काढतात. तापट बैलाला बारीक आवाजाचे घुंगरू चालत नाहीत, असं त्यांचं शास्त्र आहे. बिलावरही नाव माणसाचं नसतं, बैलाचं असतं, पुढे गाव. ‘सर्जा, कोडोली.’ बस्स.

मी कोल्हापुरात शाहूपुरीत कर सल्लागार आहे. तीस वर्षांत एकाही अशिलाची मुदत चुकू दिली नाही, याचा मला गर्वच होता म्हणा ना. पावण्यांचं जीएसटीचं काम त्यांची मुलगी करायची. बायको मागेच गेलेली, घरात बापलेक दोघंच. मग मुलीचं लग्न झालं, ती बंगळूरला गेली आणि दर महिन्याच्या विवरणपत्रांचं लचांड त्यांच्या गळ्यात आलं. मी सोपी वाट सांगितली. लहान व्यापाऱ्यांसाठी कंपोझिशन योजना असते. विक्रीवर ठरावीक टक्का भरायचा, तोही तीन महिन्यांतून एकदा. अट एवढीच की नव्या वर्षासाठीचा अर्ज मार्च संपायच्या आत करायचा. अर्जाचा ओटीपी त्यांच्या फोनवर येणार, म्हणजे ते समोर हवेत. फेब्रुवारीत सांगितलं, मार्चमध्ये दोनदा फोन केला. दोन्ही वेळा ‘करूया की’ एवढंच उत्तर मिळालं.

त्या वर्षी पाडवा एप्रिलात होता. सणासुदीलाही मी तासभर ऑफिस उघडतो, कारण बायको पुण्याला नातवापाशी असते आणि घरात गुढीशी बोलत बसणं मला जमत नाही. तर पाडव्याच्या सकाळी पावणे फेटा बांधून, पेढे घेऊन हजर झाले आणि अर्ज भरू म्हणाले. मुदत संपून गेल्याचं ऐकल्यावर उलट मलाच समजावू लागले.

“नव्या सालाचं काम जुन्या सालात करत्यात व्हय, पावणं?”

मी कपाळाला हात लावला. तोंडाला येईल ते बोललो, आणि मग त्यांना घेऊन कर कार्यालयात गेलो. तिथले साहेब सज्जन होते. त्यांनी पेढा खाल्ला, सगळं ऐकून घेतलं आणि आता पुढच्या वर्षीच म्हणाले. सरकारच्या घरात गुढी उभारत नाहीत काय, असं पावण्यांनी त्यांना फार गांभीर्यानं विचारलं. साहेबांनी आणखी एक पेढा उचलला.

मग वर्षभर पावणे दर दहा तारखेला विवरणपत्रासाठी एसटीनं येत राहिले. पिशवीत बिलं आणि बिलांच्या वर कधी ओल्या शेंगा, कधी गुळाची ढेप. दहा मिनिटांच्या कामाला ते दोन तास बसत. एकेक बिल मी मोठ्यानं वाचायचो आणि ते त्या बैलाची हकिकत सांगायचे. सर्जानं कारखान्याच्या वाटेवर माळ तोडली, पुन्हा नवी नेली. एका महिन्यात सर्जाचं बिलच नव्हतं. मालकानं ट्रॅक्टर घेतला, एवढंच पावण्यांनी सांगितलं. मी पुढचं बिल लगेच उचललं नाही.

पुढच्या वर्षी पाडवा मार्चातच आला, म्हणजे सबबीला जागा नव्हती. पावणे आले, फेटा, पेढे सगळं यथासांग. मी अर्ज भरला, बटण दाबलं आणि ओटीपी विचारला. आला न्हाय, म्हणाले. पुन्हा दाबलं. त्यांच्या खिशातला फोन वाजला. दोघांनीही ऐकला. पावणे टेबलावरच्या पेढ्यांकडे बघत राहिले.

“पावणं, तीन महिन्यातनं एकदा म्हंजे लई लांब पडतंय की,” ते हळू आवाजात म्हणाले. “हितं आलो की कुणीतरी बैलांची नावं वाचतंय. घरात दिवसदिवस तोंड उघडायला कारण न्हाय.”

रागवायचं ठरवलं होतं, ते जमलं नाही. मी अर्ज तसाच सोडून संगणक बंद केला आणि दोन चहा सांगितले.

यंदा पाडवा होऊन आठवडा झाला. मार्च संपत आलाय. बाकी सगळ्या अशिलांना मी आठवणीचे फोन करून झाले. वहीत एकच नाव राहिलंय, वडगावचं. सकाळपासून दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला.