आरतीच्या लयीतला कॅमेरा

साऱ्या जपानात मोटरवर विश्वास नसलेला एकच माणूस होता आणि तो नेमका आमच्या वाट्याला साडू म्हणून आला. गृहस्थ खरे कॉम्प्युटरवाले. पुण्याहून टोकियोला आले ते ओजिमात आमच्या शेजारच्या इमारतीतच राहिले. बाकीची मंडळी आल्या आल्या तळहाताएवढे व्हिडिओ कॅमेरे घ्यायची. यांनी जुन्या बाजारातून हँडल फिरवून चालवायचा सिनेमाचा कॅमेरा उचलून आणला.

त्यांचं दैवत म्हणजे मूकपटांच्या काळातला एक अमेरिकन कॅमेरामन. त्याची कारकीर्द यांना तोंडपाठ. हँडलची लय चुकू नये म्हणून तो म्हणे गाणं गुणगुणायचा, आणि समोरून घोडे उधळत आले तरी लय ढळायची नाही. पुढे मोटरचे कॅमेरे आले आणि बिचारा घरी बसला. "हातात लय असलेल्या माणसाला बटण दाबायला सांगितलं हो!" हे सांगताना साडूंचा चेहरा सुतक असल्यासारखा व्हायचा.

स्वतःच्या लयीसाठी त्यांनी गणपतीची आरती धरली आणि सराव पुरणयंत्रावर सुरू केला. रिकामं यंत्र फिरवणं त्यांना मंजूर नव्हतं. "सण नाही, वार नाही, यांचं आपलं पुरण चालूच," मेहुणी करवादायची आणि डबा भरून आमच्याकडे धाडायची.

त्या वर्षी सासूबाई आल्या होत्या. गुडघ्यांमुळे पुन्हा येणं व्हायचं नाही, हे त्यांनी सांगूनच टाकलं होतं. बोलत्या नाही तर निदान चालत्या तरी त्या आपल्याजवळ राहाव्यात, हा साडूंनी ध्यास घेतला. फिल्म होती एका आरतीपुरती. गणपतीच्या दिवशी सासूबाईंनी तबक उचललं, साडूंनी हँडल धरलं.

"जावईबापू, ते दळण ठेवा आणि टाळ्या वाजवा," सासूबाई म्हणाल्या.

पण चार मराठी माणसं जमली की आरती शेवटाकडे धावत सुटते. तिच्यामागे साडूंचा हातही धावला. हँडल जोरात फिरलं की पडद्यावर सगळं मंद होतं, असा या यंत्राचा उलटा न्याय. फिल्म धुऊन आली तोवर सासूबाई पुण्याला परतल्या होत्या. भिंतीवर त्या अगदी संथपणे तबक ओवाळत होत्या.

"चुकलंच माझं. हात आवरायला हवा होता," साडू मान खाली घालून म्हणाले.

"बरं झालं नाही आवरला ते," माझी बायको म्हणाली. "आईला कधी निवांत पाहिलंय आपण?"

खरंच होतं ते. जन्मभर त्या बाईंची धावपळ. भिंतीवर मात्र त्यांनी सावकाश पदर सारखा केला, सावकाश आमच्याकडे वळून पाहिलं आणि हसायला पुरेसा वेळ घेतला. त्यांना इतकं निवांत आम्ही आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि नंतर पाहायला त्या फार दिवस राहिल्या नाहीत.